पेटी, संगणक आणि बुवांचा डावा हात

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत असा प्रश्न आला असेल कीं, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेंत पाढे आणि शुद्धलेखन शिकविणाऱ्या एका मॅट्रिक मास्तरानें संगणकाला वाद्यें जोडण्याच्या भानगडींत कां पडावें? प्रश्न रास्त आहे. ही विद्या मी कोणत्याही विद्यालयांत शिकलों नाहीं. वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, नातवाच्या हाताखालीं, चुका करीत करीत ती माझ्या पदरांत पडली. परंतु आज शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत एखादें मूल कीबोर्ड वाजवितें, दुसरें तबला शिकतें, आणि कोपऱ्यांत एक संगणक असतो. अशा घरांना माझ्या चुकांचा कांहीं उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें मी या ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहें.

आमचें गांव हिंगोली जिल्ह्यांत, कयाधू नदीच्या खोऱ्यांत आहे. नामदेव महाराजांचें जन्मस्थान म्हणून ज्याचा मान आहे तें नरसी तेथून फार दूर नाहीं. त्यामुळें भजन ही आमच्याकडे करमणूक नसून घरच्या भाकरीसारखी नित्याची गोष्ट आहे. आश्विन-कार्तिकांत पहांटे देवळांत काकडा होतो. त्या काकड्याच्या चालींचे आमच्याकडील शेवटचे जाणते म्हणजे भजनी मंडळाचे पेटीवादक बुवा. वय ऐंशीच्या पुढें. चाली त्यांना वडिलांकडून मिळालेल्या. कोठेंही लिहिलेल्या नाहींत. आणि पुढच्या पिढींत कोणाच्याही हातांत त्या पुऱ्या उतरल्या नाहींत. आम्ही सारे मागून म्हणणारे. बुवांनीं सुरुवात केली म्हणजे आम्हांला आठवे, त्यांनीं केली नाहीं तर आठवत नसे. तीन वर्षांपूर्वीं त्यांची दृष्टि मंदावली, गातांना दम लागूं लागला. "गुरुजी, हे सगळं माझ्यासंगं जाणार बघा," असें ते एकदां पारावर बसल्या बसल्या म्हणाले. बोलले ते अगदीं सहज, आणि तंबाखू मळूं लागले. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

पहिला उपाय सर्वांना सुचेल तोच आम्हीं केला. मोबाइलवर गाणें टिपलें. परंतु देवळाशेजारीं पिठाची गिरणी, पुढें ट्रॅक्टरांचा रस्ता, आणि बुवांची पेटी त्यांच्याइतकीच वृद्ध. तिचे दोन सूर चढलेले आणि एक मुका. जें टिपलें गेलें त्यांत गिरणी ठळक आणि बुवा पुसट! पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा माझा नातू तेव्हां सुट्टीस आला होता. तो म्हणाला, "आजोबा, पेटीचा आवाज नका धरू, बुवांची बोटं धरू." या वाक्याचा अर्थ मला त्या वेळीं लागला नाहीं. तो लागावयास मला जवळ जवळ दोन महिने लागले, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं आपल्या क्रमिक पुस्तकांत शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरवून ठेविल्या, हें आपण जाणतां. पुस्तक कानाशीं धरलें तर त्यांतून कांहीं ऐकूं येत नाहीं. गळा वाचणाऱ्यानें आपला आणावयाचा असतो. वाद्य आणि संगणक यांच्यामधील ज्या दुव्याला मिडी म्हणतात, तो असाच आहे. त्या तारेंतून नाद वाहत नाहीं. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढाच निरोप तिच्यांतून जातो. प्रत्येक पट्टीला क्रमांक आहे. मधली पांढरी एक म्हणजे साठ. जोराला शून्यापासून १२७ पर्यंत अंक आहेत. निरोप पोंचल्यावर आवाज कोणता काढावयाचा, पेटीचा कीं सतारीचा, तें ऐकणाऱ्या यंत्रानें ठरवावयाचें.

ही पद्धति आली ती व्यापाऱ्यांच्या एका दुर्मिळ समजूतदारपणांतून. प्रत्येक कंपनीचें विद्युत्-वाद्य आपलीच भाषा बोले, दुसऱ्याची समजत नसे. १९८१ मध्यें अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ या कारागिरानें सर्वांना मिळून एक भाषा असावी अशी योजना विद्वानांपुढें मांडली; जपानमधील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे त्याच खटपटींत होते. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका प्रदर्शनांत या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडलीं गेलीं आणि एकावर बोट ठेवतांच दुसरें बोललें. या शोधावर त्यांनीं कोणाकडून शुल्क घेतलें नाहीं. २०१३ सालीं दोघांना त्याबद्दल ग्रॅमी पारितोषिक मिळालें. २०२० मध्यें या भाषेची दुसरी आवृत्ति मान्य झाली आहे, तरी पहिलीवर चालणारीं वाद्यें अजून बाद झालेलीं नाहींत. हिंगोलीस एका बॅंडवाल्यानें विकावयास काढलेला जुना कीबोर्ड आम्हीं घेतला, तो नातवाच्या लॅपटॉपशीं पहिल्या दिवशीं बोलूं लागला, याचें श्रेय त्या भाषेला आहे.

पहिल्या दिवशीं म्हटलें, पण पहिली घटका वाया गेलीच. नातवानें ऑडॅसिटी नांवाची प्रणाली उघडून ठेविली होती. ती आवाज उत्तम टिपते, मिडीचे निरोप टिपीत नाहीं. त्याच्याहि लक्षांत तें उशिरां आलें. मग त्यानें रीपर ही दुसरी प्रणाली बसविली. आमच्या मागच्या खोलींत सतरंजी अंथरून, पाटावर कीबोर्ड ठेवून बुवांना बसविलें. त्यांनीं एक चाल वाजविली. पडद्यावर हिरव्या रेघोट्या उमटल्या. नातवानें ती परत वाजवून दाखविली; पेटीचा आवाज, एकहि सूर मुका नाहीं, गिरणी नाहीं. मी तर धन्य झालों! बुवा मान खालीं घालून ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "गुरुजी, उजवा हात आला ह्याच्यात. डावा कुठं गेला?"

श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांनीं पेटीवर बोट ठेविलें आहे त्यांना या प्रश्नाचें मर्म सांगावयास नको. पेटीची पट्टी जोरानें दाबा कीं हळू, सूर तितकाच निघतो. त्याला मोठेपणा येतो तो भात्याच्या वाऱ्यानें. भाता डाव्या हातांत असतो. शब्दाला उठाव कोठें द्यावयाचा, ओळ संपतांना सूर कसा विझवावयाचा, हें सारें डावा हात करतो. कीबोर्डाची रचना याच्या नेमकी उलट. तेथें जोर बोटाचा; डाव्या हाताला कामच नाहीं. परिणाम असा झाला कीं, बुवांच्या बोटांच्या सहज कमीअधिक दाबानें कांहीं सूर विनाकारण ओरडले, कांहीं दबले, आणि जेथें खरा उठाव हवा तेथें सपाट माळरान. बोटांच्या जोराची नोंद बंद करण्याची सोय कीबोर्डावर असते, ती आम्हीं वापरली. पण डावा हात? नाटकमंडळ्यांत पायपेटी असे, तसें मिडीला पायानें दाबावयाचें पेडलहि मिळतें. मांडी घालून बसणाऱ्या भजन्याला त्याचा काय उपयोग? शेवटीं नातवानें पुण्याहून एक लहान पेटारी आणली. तिच्यावर वरखालीं सरकणाऱ्या आठ दांड्या. त्यांतील एक दांडी बुवांच्या डाव्या हाताखालीं दिली आणि तिला मिडीच्या भाषेंतील अकराव्या क्रमांकाचें नियंत्रण जोडलें, म्हणजे वाजत असलेला सूर त्याच क्षणीं लहानमोठा करण्याचें. ही दांडी हाच आमचा भाता.

बुवांनीं संवयीनें ती भात्यासारखी हलवावयास सुरुवात केली, तों आवाज झोपाळ्यासारखा वरखालीं होऊं लागला. खऱ्या पेटींत बाहेरचा भाता आंतल्या भात्यांत वारा भरतो आणि आंतला भाता स्प्रिंगांच्या दाबानें तो एकसारखा सोडतो. म्हणून हाताचे हिसके कानाला कळत नाहींत. दांडीच्या पोटीं असा सांठा कोठून असणार? चार दिवस बुवा तिच्यावर चिडले. पांचव्या दिवशीं त्यांनीं हात आवरला.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या नभोवाणीवरून मी पेटीचें कौतुक करीत आहें, तिनेंच १९४० सालीं पेटीला आपल्या दारांतून बाहेर काढलें होतें. हिचे बारा सूर ठरीव, हिला मींड येत नाहीं, श्रुतींचा भेद कळत नाहीं, असा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. हा निर्बंध सैल झाला तो १९७१ मध्यें. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रांतील भजनी मंडळांनीं मात्र पेटी सोडली नाहीं. मिडीच्या कीबोर्डावर सूर वांकविण्याचें एक चाक असतें; तें मुळांत दोन स्वरपट्ट्या वर आणि दोन खालीं जातें, पण त्या वेळीं वाजत असलेले सारेच सूर एकदम वांकवितें. बुवांनीं तें एकदां फिरवून पाहिलें आणि म्हणाले, "हे काढून टाका. मींड गळ्यानं घेतो मी."

आतां अनेक वाद्यें जोडण्याच्या मुख्य गोष्टीकडे वळूं, कारण आमच्याकडे आतां दोन झालीं होतीं आणि तिसरें दारांत उभें होतें. बुवांच्या पेटीला पखवाज हवाच. पखवाज वाजविणारा शेजारचा मुलगा, अकरावींत शिकणारा. त्याच्यासाठीं रबरी चकत्यांचें एक पॅड आणलें.

जुन्या मिडी वाद्याच्या पाठीशीं पांच पिनांचीं गोल तोंडें असतात आणि त्यांवर इन, आउट आणि थ्रू असें लिहिलेलें असतें. मला वाटलें, आगगाडीच्या डब्यांसारखें एकाला एक जोडीत जावें. शेवटचा डबा संगणकाला लावावा. त्याप्रमाणें दांड्यांच्या पेटारीचें आउट कीबोर्डाच्या इनमध्यें आणि कीबोर्डाचें आउट संगणकाकडे, अशी जोडणी मीं स्वतःच्या अक्कलहुशारीनें केली. बोटें आलीं, डावा हात पुन्हां गायब! कारण असें आहे कीं, आउटमधून त्या वाद्यावर स्वतः वाजविलेलें तेवढेंच बाहेर पडतें. थ्रूमधून बाहेरून आलेलें तेवढेंच पुढें जातें. एका तोंडांतून दोन्ही, असें साधारणपणें होत नाहीं. थ्रूची सांखळी संगणकाकडून अनेक वाद्यांकडे हुकूम पाठविण्यास चांगली; अनेक वादकांचे हात एका संगणकाकडे आणावयाचे असतील तर प्रत्येकाला आपली स्वतंत्र वाट पाहिजे. त्यासाठीं अनेक इन असलेला एक डबा मिळतो, तो यूएसबीच्या तारेनें संगणकाला जोडावा. नवीं वाद्यें स्वतःच्या यूएसबीनेंच येतात, त्यांचा प्रश्न नाहीं. पांच पिनांची तार पंधरा मीटरांहून लांब नसावी, एवढें लक्षांत ठेवावें.

वाटा झाल्या, तरी गोंधळ संपला नाहीं. मुलानें पॅडवर पहिली थाप मारली, आणि पखवाजाबरोबर पेटीचा खर्ज घुमला. बुवा दचकले. मिडीच्या एका तारेंत सोळा वाहिन्या कल्पिलेल्या आहेत, हजेरीपटावरील क्रमांकांप्रमाणें. आणि पुष्कळ वाद्यें दुकानांतून येतांना पहिल्याच क्रमांकावर हजर असतात. गुरुजींनीं "एक नंबर" म्हटल्यावर तिघांनींहि "हजर" म्हटलें तर जें होईल तें झालें. तेव्हां मीं नातवाला विचारलें, "तीन यंत्रांना तीन वाहिन्या देऊं काय?" येथें त्या मुलाची बुद्धि मला दिसली. तो म्हणाला, "नाही आजोबा. वाहिनी यंत्राला नाही, माणसाला द्यायची." कीबोर्ड आणि दांडी हे बुवांचेच दोन हात, म्हणून दोघांची वाहिनी एक, आणि प्रणालींत बुवांच्या पट्ट्यानें सर्व यंत्रांकडून येणारें, पण पहिल्या वाहिनीचेंच, ऐकावयाचें. पखवाजवाला निराळा, त्याला दहावी. तालवाद्यांना दहावी द्यावी असा १९९१ पासून संकेतच आहे. तुमच्या घरीं दोन यंत्रें एकाच वाद्याचीं अंगें असतील तर तीं वेगळीं करूं नका, दोन वादक असतील तर एक करूं नका. आमचा पाऊण गोंधळ एवढ्यानें मिटला.

उरलेला पाव हिस्सा किरकोळ. कीबोर्ड स्वतःचा आवाज काढी आणि संगणकहि काढी, त्यामुळें सूर दुहेरी येत. कीबोर्डांतील लोकल नांवाची सोय बंद करावी लागते. एकदां वाजवितां वाजवितां वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, कीबोर्ड बंद. पट्टी सोडल्याचा निरोप निघण्यापूर्वींच कीबोर्ड मेल्यामुळें लॅपटॉप तो एकच षड्ज अंधारांत गात राहिला! पखवाजवाला मुलगा घाबरून अंगणांत पळाला. प्रणालींत सर्व सूर बंद करण्याची आज्ञा असते. ती कोठें आहे हें आधींच पाहून ठेवावें, आणि जेथें भारनियमन आहे तेथें कीबोर्डहि इन्व्हर्टरवर घ्यावा.

विलंबाची गोष्ट मात्र किरकोळ नाहीं. बोट दाबल्यावर आवाज येण्यास आमच्याकडे प्रथम सुमारे दहावा हिस्सा सेकंद लागे. ध्वनि एक मीटर जावयास सुमारें तीन सहस्रांश सेकंद घेतो. म्हणजे जणूं बुवा देवळांत आणि त्यांची पेटी चौतीस मीटरांवर, वेशीपाशीं. अशानें लय कशी राहणार? दोष मिडीच्या तारेचा नव्हता. ती सेकंदाला ३१,२५० अंक नेते आणि एका सुराचा निरोप सहस्रांश सेकंदांत पोंचविते. उशीर होतो तो संगणक आवाज घडवितांना. एएसआयओ जातीचा ड्रायव्हर बसवून आवाजाचे नमुने एका वेळीं १२८ च घ्यावे असें ठरविलें. सेकंदाला ४४,१०० या हिशेबानें तो विलंब तीन सहस्रांशांवर आला. ध्वनि बाहेर निघतांना आणखी थोडा वेळ जातो, पण तो बुवांना जाणवला नाहीं.

एवढी सिद्धता झाल्यावर मुद्रणास प्रारंभ झाला. येथें मीं एक चूक केली, ती मी लपवीत नाहीं. मायक्रोफोन अजून घेतलेला नव्हता. नातू म्हणाला, थांबूं. मी म्हणालों, बोटें आधीं घेऊं, गळा मागाहून. बुवा कोठें पळून जातात? त्याप्रमाणें पहिल्या तीन चाली नुसत्या हातांच्या घेतल्या. चौथीपासून मायक्रोफोन आला, बुवा गाऊं लागले, आणि एकाच वेळीं गळा एका पट्ट्यावर, दोन्ही हात दुसऱ्यावर व पखवाज तिसऱ्यावर असें व्यवस्थित काम सुरू झालें. अकरा चाली झाल्या. पौषांत बुवा आजारी पडले आणि माघांत गेले. पहिल्या तीन चालींचा गळा राहिला तो राहिलाच.

पुढील आश्विनांत काकड्यापूर्वीं मंडळ आमच्या ओसरीवर जमलें. नातू पुण्यास असल्यामुळें एका भाचीच्या संगणकावर मीं ती फाइल उघडली. एक चाल म्हणजे एका छायाचित्राहूनहि लहान फाइल. वाजविली, आणि पियानो वाजूं लागला! बायका पदर तोंडाला लावून हंसल्या. मिडींत आवाज नसतो हें मीं आपणांस आतांच सांगितलें. १९९१ सालीं ठरलेल्या १२८ आवाजांच्या यादींत पहिला पियानो आहे, आणि फाइलींत कांहीं लिहून ठेविलें नसेल तर यंत्र पुष्कळदां तोच घेतें. त्या यादींत आपल्या पेटीच्या जवळचा आवाज एकविसावा आहे. मीं नातवाला दूरध्वनि करून तो क्रमांक प्रत्येक फाइलीच्या आरंभीं लिहून घेतला. पुन्हां लावली तेव्हां कोणी हंसलें नाहीं.

आठ चाली मंडळानें बुवांच्या गळ्याबरोबर म्हणून बसविल्या. नुसत्या हातांच्या ज्या तीन, त्यांचे शब्द सर्वांना पाठ होते, परंतु कडवें कोठून उचलावयाचें, कोणत्या सुरावर कोणतें अक्षर पडतें, यावर एकमत होईना. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशीं पडद्यावर डाव्या हाताची रेघ मीं निराळी काढून पाहिली. प्रत्येक कडव्यापूर्वीं, एकहि पट्टी दाबलेली नसतांना, ती रेघ दोन मात्रा वर चढून खालीं आलेली. त्या जागीं कांहीं ऐकूं येत नाहीं. कडवें उचलण्यापूर्वीं बुवा छाती भरून घेत आणि त्याबरोबर भाताहि भरून घेत, ती ही संवय होती. दांडीला वाऱ्याची गरज नसतांहि त्यांचा हात ती विसरला नव्हता. त्या खुणांवरून दोन चाली लागल्या. तिसरींत अशा चार जागा आहेत आणि कडवीं तीनच. चौथ्या जागीं काय होतें यावर पखवाजवाल्या मुलाचें एक म्हणणें आहे आणि मंडळांतील वृद्धांचें दुसरें. यंदाच्या काकड्याला ती चाल आम्हीं दोन्ही तऱ्हांनीं म्हटली, एके दिवशीं एक, दुसऱ्या दिवशीं दुसरी.